राजाराम कोणते?

फ्लॉरेन्समधल्या एका पुतळ्याला आम्ही जवळजवळ तीन महिने सिंहगडावर नेऊन ठेवलं होतं.

जुनी चित्रं स्कॅन करून ऑनलाइन ठेवणारा आमचा एक छोटा संग्रह आहे, त्यातलं हे चित्र साधंच, एक जुनं पोस्टकार्ड. आर्नो नदीच्या काठची बाग, दगडी छत्री आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, ऐन विशीत. तिथंच नदीकाठी त्यांना अग्नी दिला आणि १८७४ साली स्मारक उभं राहिलं. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. ज्याने पोस्टकार्ड स्कॅन केलं त्याने हे सगळं वर्णनात नीट लिहिलंही होतं. घोटाळा झाला टॅगच्या, म्हणजे शोधासाठी चित्राला लावायच्या नावांच्या रकान्यात. त्याने ‘राजा’ एवढं टंकलं, यंत्राने पुढे ‘राजाराम’ सुचवलं, त्याने एंटर मारलं. आमच्याकडचा ‘राजाराम’ म्हणजे शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, १७०० साली सिंहगडावर वारलेले. त्यातून माझ्या भाच्याने हौसेने त्या टॅगला शेपट्या लावून ठेवल्या होत्या: राजाराम लागला की ‘मराठेशाही’ आपोआप लागणार, ‘सतरावं शतक’ आपोआप लागणार. झालं. इटलीतलं संगमरवर जिंजीच्या वेढ्याशेजारी जाऊन बसलं.

आम्हाला कळलं कसं, तर एका शाळेतल्या मुलाने ते चित्र प्रकल्पाच्या वहीत ‘छत्रपती राजाराम यांची समाधी’ म्हणून चिकटवलं आणि त्याच्या बाईंनी आम्हाला कळवलं. बाईंचा सूर अगदी सौम्य होता. तोच जास्त लागला. मी स्वतः तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरांना बसवलं. वहीवर लाल शेरा मारणारी मी, आणि आता वहीतली चूक माझ्या घरची.

घरची म्हणजे खरोखरच घरची. हा संग्रह आम्ही पाचसहा हौशी माणसं चालवतो. जुनी कॅलेंडरं, ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या छापील रंगीत प्रती), दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, प्रदर्शनांच्या पत्रिका, पोस्टकार्डं. लोक माळ्यावरून काढून देतात, आम्ही पुसून, स्कॅन करून ऑनलाइन ठेवतो. यंत्राचं सगळं भाचा बघतो, टॅगचं माझ्याकडे. ‘आत्या, तुला चित्रातलं कळतं, तू टॅग बघ,’ असं तो म्हणाला तेव्हा मला वाटलं, चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्यात काय.

राजारामांची दुरुस्ती करायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. मी म्हटलं, ‘राजाराम दुसरे’ असा वेगळा टॅग करू. आमच्यातले एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. ते म्हणाले, ‘दुसरे कुठले? साताऱ्याच्या गादीवरही राजाराम दुसरे आहेत. रामराजे म्हणतात ते, १७७७ साली वारले.’ शिवाय कोल्हापुरात राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजारामच, ते १९४० पर्यंत. म्हणजे चार राजाराम, आणि त्यांत दोन गाद्यांचे दोन ‘दुसरे’. आकडा घातला तरी संदिग्धता जशीच्या तशी. शेवटी सरांनी ग्रंथालयातली जुनी रीत काढली: गादी आणि निधनाचं साल. ‘राजाराम महाराज (कोल्हापूर, नि. १८७०)’. तिथून पुढे हाच आमचा कित्ता झाला.

नुसता ‘राजाराम’ टॅग मात्र पुसून टाकायचा नाही, असं भाचा म्हणाला. पुसला तर उद्या कोणीतरी तो नव्याने तयार करणार. त्यापेक्षा त्याला कुलूप लावायचं. कोणी नुसतं ‘राजाराम’ टाकलं की यंत्र ते घेणार नाही, उलट विचारणार, कोणते? आणि खाली चारही जणांची यादी, प्रत्येकापुढे एकेक ओळ. पाचवा पर्याय मी हट्टाने घालून घेतला: ‘ठरायचं आहे’. भाच्याला तो आवडला नव्हता. त्याचं म्हणणं, हा पर्याय दिला की आळशी लोक तोच निवडतील. निवडतातही. पण ‘ठरायचं आहे’ मधून चित्र बाहेर काढायला मला दहा मिनिटं लागतात. चुकीच्या राजारामांतून काढायला तीन महिने आणि एक शाळा लागली.

मग त्याने मला संग्रहातल्या सगळ्या एकशब्दी नावांची यादी काढून दिली. मी ती छापून घेतली (पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, कागदावर दिसतात) आणि जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले. पहिल्या दिवशी वाटलं, दिवाळीपर्यंत संपेल. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते तेव्हा मनात नव्हतं.

आमच्या चित्रकारांची एक खोड आहे. घराण्यात कुंचला उतरतो. त्यामुळे जगभर चालणारा सोपा उपाय, कंसात ‘चित्रकार’ लिहायचं, तो इथे कुचकामी. धुरंधर म्हणजे कोण? महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) की त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९)? दोघंही चित्रकार, दोघंही जे. जे. स्कूलचे. हळदणकर म्हणजे सावळाराम लक्ष्मण की त्यांचे चिरंजीव गजानन? त्रिंदाद तर कळस. सांगे गावात जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) आणि त्यांची मुलगी ॲंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०). कुलनाव एक आणि आद्याक्षरही एक! कुठल्याशा पत्रिकेत ‘ए. त्रिंदाद’ एवढंच छापलेलं असलं की बाप की लेक, काही पत्ता लागत नाही.

या ॲंजेलाबाईंनी आणखी एका कारणाने माझा एक आख्खा शनिवार खाल्ला. यादीत त्यांचं नाव तीनदा होतं. मी तिन्ही ओळी चष्मा पुसून वाचल्या, फरक काही दिसेना. भाच्याने समजावलं. एकाने ‘अ’ वर चंद्रबिंदू दिला होता. दुसऱ्याने ‘अ’ ला चंद्र वेगळा जोडला होता, मधे एक न दिसणारं अक्षर घालून. तिसऱ्याने सरळ ‘ॲ’ हे अक्षर वापरलं होतं, ज्याला युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या अक्षरांच्या यादीत) स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. माणसाला एक बाई दिसते, यंत्राला तीन. हा राजारामांच्या बरोबर उलटा रोग. तिथे एका नावात चार माणसं, इथे एका माणसाची तीन नावं. यावरचा उपाय सोपा असतो, दोन नावं तिसऱ्याकडे वळवून टाकायची. चित्रकार मुळगांवकर आणि मुळगावकर यांचंही तसंच केलं. जुन्या अंकांत अनुस्वार आहे, नव्या पुस्तकांत नाही, माणूस एकच.

पण वळवण्याची चटक लागते आणि तिथे मी शेण खाल्लं.

‘सातवळेकर’ असा टॅग होता आणि ‘पं. सातवळेकर’ असाही होता. मला ठाऊक होते ते वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. ते मूळचे जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार, हैदराबादेत आणि लाहोरात त्यांचे स्टुडिओ होते, पुढे औंधला आणि मग गुजरातेत पारडीला गेले, हेही ठाऊक होतं. शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. मी ऐटीत एक टॅग दुसऱ्याकडे वळवला. एका बटणाने सगळी चित्रं पंडितजींच्या नावावर. आठवड्याने सरांनी फोन केला. ‘बाई, पंडितजींनी १९७१ च्या प्रदर्शनात चित्र मांडलेलं दिसतंय. गेल्यानंतर तीन वर्षांनी.’ ते काम होतं त्यांच्या चिरंजीवांचं, माधव सातवळेकरांचं (१९१५–२००६). मी नावाने ओळखत होते त्यांना! राज्याचे कलासंचालक होते ते. पण यादीत ‘सातवळेकर’ वाचताना डोळ्यांपुढे दाढीवाले पंडितजीच आले आणि हात बटणावर गेला.

वळवणं एका बटणाचं, उलगडणं हाताचं. कारण एकदा मिसळलं की आधी कोणता टॅग कुठल्या चित्रावर होता हे आमचं यंत्र तेव्हा लक्षात ठेवत नव्हतं. (आता ठेवतं. भाच्याने त्याच रात्री बसून तशी सोय केली, मला एक शब्द बोलला नाही.) प्रत्येक चित्र उघडा, सही बघा, साल बघा, मागची बाजू स्कॅन केली असेल तर तीही बघा. पंधरा दिवस.

तुम्ही म्हणाल, बाप की लेक, बाप की लेक यात एवढं काय अडतं? मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं राहतो. महादेव धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २००५ पासून सगळ्यांची. अंबिकाबाई २००९ साली गेल्या, म्हणजे त्यांची २०६९ सरेपर्यंत नाहीत. आंतोनियो त्रिंदाद मोकळे, ॲंजेलाबाई २०४० अखेरपर्यंत नाहीत. म्हणजे टॅग चुकला तर नुसती माहिती चुकत नाही, दुसऱ्याची वस्तू आपण चौकात मांडून बसतो. ज्यांची मुदत सरलेली नाही आणि परवानगीही मिळालेली नाही, त्यांच्या चित्राच्या जागी आम्ही राखाडी चौकट ठेवतो, बाजूला नुसती नोंद. आणि नियम असा केला की बाप-लेकांत ठरत नसेल तर जो उशिरा गेला त्याचा हिशेब धरायचा. त्यामुळे ‘ठरायचं आहे’ मधली बरीच चित्रं आज राखाडी आहेत. लोक वैतागतात. वैतागू देत.

राखाडी चौकटीवरून सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती दिवा घेतलेल्या बाईपायी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहे, खात्रीने. हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून आरपार आलेला तांबूस उजेड. सावळाराम हळदणकरांनी १९४५–४६ च्या सुमारास जलरंगात केलेलं, मुलीलाच समोर उभं करून. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ सरेपर्यंत चौकट राखाडी. आठवड्याला एक तरी पत्र येतं. त्यातली निम्मी पत्रं ‘चित्र का दिसत नाही’ म्हणतात आणि उरलेली निम्मी ‘हे रविवर्म्याचं आहे, तुम्ही चुकलात’ म्हणतात. रविवर्मा १९०६ सालीच गेले, हे कळवलं तरी एका गृहस्थांचं उत्तर आलं, ‘मग प्रत असेल.’

इथे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. लोक ज्या नावाने शोधणार ते नाव चुकीचं आहे. टॅग लावला तर आपण चूक पसरवली, नाही लावला तर शोधणारा रिकाम्या हाताने परत गेला. आम्ही तोड काढली: टॅग लावायचा नाही, पण वर्णनात वाक्य घालायचं, ‘हे चित्र रविवर्मा यांचं समजलं जातं, ते तसं नाही.’ शोध वर्णनातही चालतो, तेव्हा माणूस पोचेल. पोचला. इतका पोचला की ‘रविवर्मा’ शोधलं की पहिली नोंद हीच यायला लागली, राखाडी चौकटीसकट. भाचा दोन दिवस हसत होता.

खुद्द रविवर्म्यांचं नाव सोडवणं तर वेगळंच प्रकरण. ओलिओग्राफच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’. स्कॅन करणाऱ्याने ते वाचलं आणि चित्रकार रविवर्मा लिहून मोकळा झाला. पण ते छापखान्याचं नाव आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, रविवर्म्यांनी हयातीतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि त्यांच्या मागे कित्येक वर्षं तो त्याच नावाने छापत राहिला, इतरांची चित्रंसुद्धा. म्हणून ‘रविवर्मा’ला कुलूप, आत दोन दारं: माणूस आणि प्रेस. तेवढ्यावर भागतंय असं वाटलं, तोच यादीत ‘राजा वर्मा’ सापडला. हा राजा म्हणजे किताब की नाव? कारण धाकट्या भावाचं नावच राजा राजा वर्मा, तेही चित्रकार, भावासोबत काम करणारे, भावाच्या आधीच गेलेले. इथे कंसात काहीही लिहा, वाचणारा क्षणभर थबकतोच.

पदव्या आणि आदर हा आमच्या यादीचा सगळ्यात तापट भाग. एका वाचकाने खडसावलं, ‘नुसतं शिवाजी काय लिहिता? एकेरी?’ बरोबरच होतं. टॅग म्हणजे यंत्राची खूण, त्यात आदर-अनादर कसला, हा युक्तिवाद भाच्याच्या पिढीत चालतो, माझ्या पिढीत नाही. पण आदरार्थी नावंच टॅग म्हणून धरली तर संदिग्धता दुप्पट होते. ‘शाहू महाराज’ म्हणजे साताऱ्याचे की राजर्षी, की कोल्हापूरचे सध्याचे? ‘बाळासाहेब’ म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते आणि ज्यांनी रामायणावरची चित्रमालिका रंगवली. पण आज मराठी माणसाला ‘बाळासाहेब’ म्हटल्यावर आठवतात ते व्यंगचित्रकार बाळ ठाकरे. दोघंही सत्ता गाजवणारे आणि दोघंही चित्रं काढणारे. म्हणजे कंसात ‘चित्रकार’ही नको आणि ‘राजकारण’ही नको.

यातून सुटलो ते विकिडेटाची, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड-माहितीसाठ्याची पद्धत पाहून. तिथे माणसाची खरी ओळख म्हणजे इंग्रजी क्यू अक्षर आणि पुढचा आकडा. नाव ही त्यावर लावलेली नुसती पाटी. दोघांची पाटी सारखी असली तरी चालते, फक्त पाटीखालची ओळख सांगणारी ओळ वेगळी हवी. आम्हीही आतून प्रत्येक माणसाला क्रमांक दिला. पाटीवर महाराज लिहा, श्रीमंत लिहा, शास्त्री लिहा, पंडित लिहा, यंत्राला फरक पडत नाही. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मी कळवलं की पाटी बदलली आहे. त्यांचं उत्तर दोनच शब्दांचं: ‘जय शिवराय.’

‘पेंटर’ची गंमत सांगायची राहिली. कोल्हापूरच्या बाबुराव आणि आनंदराव या चुलतभावांचं आडनाव मेस्त्री, पण धंद्याचंच नाव चिकटलं आणि कलाइतिहासात ते पेंटर म्हणूनच गेले. आनंदराव १९१६ मध्येच गेले, बाबुराव १९५४ पर्यंत होते आणि ‘सैरंध्री’सारखे चित्रपट काढून गेले. आमच्या यादीत ‘पेंटर’ या टॅगखाली हे दोघं होतेच, शिवाय ज्या ज्या कॅलेंडरवर, दुकानाच्या पाटीच्या फोटोवर कोणी ‘अमुक पेंटर’ सही केली होती ती सगळी मंडळीही होती. मेस्त्री बंधूंना वेगळं काढलं. बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. त्यांची पूर्ण नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत, त्यामुळे ‘पेंटर’ हा टॅग ना कुलूप ना उघडा, असा अर्धवट लटकतो आहे.

आणि कृष्णा. सुरुवातीला काही नोंदी इंग्रजीत होत्या, त्या यंत्राने देवनागरीत आणल्या. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने सगळीकडे ‘कृष्णा’ केलं. परिणामी एका टॅगखाली रासलीला, वाईचा घाट आणि द्रौपदी. द्रौपदीचं एक नाव कृष्णाच, तेव्हा तीही चूक नव्हती. देव, नदी आणि पांडवांची राणी वेगळी करायला फार वेळ लागला नाही, चित्राकडे बघितलं की कळतं. फक्त वस्त्रहरणाच्या ओलिओग्राफपाशी थांबले. त्यात खाली कृष्णा आहे आणि वरून साड्या पुरवणारा कृष्णही आहे. दोन्ही टॅग लावले आणि त्या दिवशी पहिल्यांदा या कामात मजा आली.

त्या शाळेतल्या बाईंना मी दुरुस्तीनंतर दुवा पाठवला होता. त्यांनी मुलाकडून वहीतलं पान बदलून घेतलं नाही. त्याच पानावर पेन्सिलने बाण काढून लिहायला लावलं, ‘हे दुसरे राजाराम’. सरांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्यांना विचारा, कुठले दुसरे?’

यादीची सत्तावीस पानं झाली होती, त्यातली एकोणीस झाली. भाचा दर रविवारी विचारतो, ‘आत्या, पाटील कधी घेतेस?’ मी कुलकर्ण्यांवर आहे अजून.